साडेपाच माळा

"काय गं, आज फार दमानं चालली होती तुझी नाव? मिनिटाला वीसच घर्र झाले."

कंपाउंडच्या भिंतीवर आधी परडी आली, मग जपमाळेचा हात आणि मग काकू. सहकारनगरातली आमची ही ओळ जुन्या बंगल्यांची. भिंती खांद्याएवढ्या, त्यामुळे गप्पांना सोयीच्या. पारिजातक काकूंचा, पण फुलं सगळी आमच्या बाजूला पडतात. यावर तोडगा असा निघालाय, की फुलं त्यांची, सडा झाडणं माझं आणि बातम्या निम्म्या-निम्म्या.

"वीसच मारायचे होते, काकू. अर्धा तास, एका लयीत. सुभेदारसाहेबांनी सांगितलंय."

"म्हणजे सहाशे. बरोबर आहे. साडेपाच माळा झाल्या आणि वर सहा मणी."

"तुम्ही जप करता की माझे स्ट्रोक मोजता?"

"जपच करते गं. पण नामाला ताल लागतो, तो तुझ्या यंत्राने लावून दिला. रामाला काय, कुठल्याही तालात ऐकू येतं." मग भिंतीवर कोपर टेकवून म्हणाल्या, "परवा मात्र अठ्ठावीस-अठ्ठावीस मारत होतीस. माझा राम धापा टाकायला लागला."

परवा ५०० मीटरचे चार तुकडे होते, मध्ये दोन-दोन मिनिटं दम खायचा. हे मी त्यांना सांगितलं, पण सांगायची गरज नव्हतीच. चार वेळा घर्र झालं आणि तीन वेळा शांतता, हे त्यांनी भिंतीपलीकडून टिपलेलं होतं. काकू चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्यापासून आकडा लपत नाही.

आता हे यंत्र आमच्या घरात आलं कसं, तर परदेशी चाललेलं एक जोडपं सामान विकत होतं. आमचे हे बघायला गेले होते सोफा, घेऊन आले रोइंग मशीन. पुढचे दोन महिने त्यावर ह्यांच्या शर्टांनी व्यायाम केला. एकदा कोपऱ्यावरचे सुभेदारसाहेब चहाला आले, दांड्यावरचे दोन टॉवेल उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, यावर कपडे वाळत घालणं म्हणजे घोड्यावर बसून भाजी निवडणं." ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले. दापोडीला सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, रोइंगचं केंद्र आहे, तिथली पोरं पहाटे सराव करताना त्यांनी पाहिली आहेत. तेव्हापासून ते आमचे गुरू.

"काय तो मंत्र तुमचा?" काकूंनी विचारलं.

"जाताना पाय, कंबर, हात. येताना हात, कंबर, पाय."

"म्हणजे आधी पायानं रेटायचं?"

"हो. लोकांना वाटतं, वल्हवणं म्हणजे दंडाचं काम. खरा जोर मांड्यांचा. पाय सरळ झाल्याशिवाय हातांनी ओढायचंच नाही. आणि ओढायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ घेऊन सावकाश पुढे सरकायचं."

"आणि नावेत म्हणे उलटं बसतात?"

"पाठ पुढे करून. जायचं असतं तिकडे बघायचंच नाही."

"आमच्या धाकट्या जाऊबाई अशाच पुढे गेल्या आयुष्यात," काकू म्हणाल्या आणि एक फूल उगाच उचलून परडीत टाकलं. जाऊबाईंचा विषय त्या दिवशी मी वाढू दिला नाही, कारण तो निघाला की दूध उतू जातं.

आता आमच्या गल्लीतल्या वहीची गोष्ट. हे यंत्र मी चालवायला लागले, ते बघून शेजारच्या अप्पांनी नवं कोरं मशीन घेतलं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा सायकलवाला, तो तळजाईला फेऱ्या मारतो. पलीकडच्या डॉक्टरीणबाई रात्रपाळीहून येऊन बारा सूर्यनमस्कार घालतात आणि मग झोपतात. आम्ही सगळे भिंतीपाशी भेटलो की आपापलं सांगायचो. आकड्यांचा घोळ व्हायला लागला, तेव्हा काकूंनी शंभर पानी वही आणली, दोरा ओवला आणि त्यांच्या फाटकाच्या आतल्या खिळ्याला टांगली. ज्याने-त्याने आपली ओळ लिहायची. काकू संध्याकाळी लाल पेनने शेरा मारतात. मला एकदा 'अक्षर सुधारावे' असा शेरा मिळाला होता. मीटरबद्दल चकार शब्द नाही.

"वही बघितलीस का?" काकूंनी आवाज खाली आणला. याचा अर्थ पुढचं महत्त्वाचं आहे. "अप्पांनी काल काय लिहिलंय? पाच हजार मीटर, बावीस मिनिटं. वेळ सात ते सात बावीस."

"छान आहे की! अडुसष्टाव्या वर्षी..."

"थांब. सात वाजून दहा मिनिटांनी अप्पा डेअरीवर माझ्यापुढे उभे होते. अर्धा लिटर गाईचं आणि एक दह्याचा डबा. आता दोन हजार दोनशे सत्तर मीटरवर माणूस दही आणायला उतरतो का?"

"मग वल्हवलं कोणी?"

"नातवाने! बारावी झालीय, दिवसभर मोकळा. खिडकी उघडी होती. वय अठरा, बनियन घातलेलं, टकाटक चाललं होतं. आजोबा दुधाची पिशवी हलवत आले, पडद्यावरचा आकडा बघितला आणि थेट वहीकडे."

मला हसू आवरेना. अप्पांची ही पहिली करामत नाही. त्या मशीनच्या चाकाला बाजूला एक खटका असतो, एक ते दहा आकड्यांचा. त्याने चाकात किती हवा शिरणार ते ठरतं. अप्पांनी पहिल्या दिवशी तो दहावर नेला. त्यांना वाटलं, दहावर दहापट व्यायाम. वास्तविक दहावर लावलं की नाव जड आणि मंद झाल्यासारखी वाटते, एवढंच. व्यायाम तुम्ही किती जोरात ओढता त्यावर. सुभेदारसाहेब आम्हाला तीन-चारवर ठेवायला सांगतात. अप्पांची कंबर तिसऱ्या दिवशी धरली आणि गल्लीत सांगितलं गेलं, की गॅसचा सिलिंडर उचलताना लचक भरली.

"सिलिंडर तर पाइपलाइन आल्यापासून घरात नाही त्यांच्या," काकू म्हणाल्या. "मी तेव्हा बोलले नाही. पण वही माझी आहे."

"काय शेरा मारलात मग?"

"काही नाही. फक्त शेजारी लिहिलं, 'दही कसे लागले?'"

दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतःच भिंतीपाशी आले. टोपी हातात. म्हणाले, "काकू, माझे खरे आठशे. तेही मध्ये दोनदा थांबून." काकूंनी वही काढली, पाच हजारांवर नातवाच्या नावाने नवीन रकाना आखला आणि अप्पांच्या रकान्यात ८०० लिहून लाल पेनने 'छान' लिहिलं. चौतीस वर्षांत त्यांनी 'छान' किती मुलांना दिलं असेल, देव जाणे. गेल्या आठवड्यात अप्पांनी बाराशे केले. न थांबता. आम्ही सगळ्यांनी भिंतीवर चहा घेतला.

"मला एक सांग," काकू म्हणाल्या, "तुझ्या त्या पडद्यावर वॅट येतात, ते कसले? विजेचं बिल वाढतं का?"

"उलट, काकू. वीज लागतच नाही. आपण किती ताकद लावतो ते दाखवतं. मी दोन हजार मीटर दहा मिनिटांत करते, म्हणजे ५०० मीटरला अडीच मिनिटं. त्याचे १०४ वॅट."

"म्हणजे घरातला एक पंखा फिरेल आणि वर एखादा दिवा."

"हो. आणि ऑस्ट्रेलियाचा जॉश डंकली-स्मिथ म्हणून आहे, त्याने २०१८ साली हेच दोन हजार मीटर ५ मिनिटं ३५.८ सेकंदांत केले. त्याचे होतात ५९० च्या आसपास."

काकूंनी परडी खाली ठेवली. "अगं, म्हणजे अख्खा मिक्सर! साडेपाच मिनिटं चटणी वाटत बसला तो!" मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. "पण हे जुळत नाही. त्याचा वेग तुझ्या पावणेदोनपट. ताकद मात्र साडेपाचपटीच्या वर?"

"सुभेदारसाहेब म्हणतात, वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते."

"घन!" काकूंचे डोळे चमकले. "वेगाचा घन. दोन गुणिले दोन गुणिले दोन. हवा अशी अडवते होय? नववीच्या पोरांना हे मिळालं असतं तर झोपली नसती वर्गात." जपमाळ मनगटाला गुंडाळून त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. "म्हणजे पहिली थोडी ताकद लावली की बराच वेग मिळतो आणि पुढचा प्रत्येक सेकंद महाग होत जातो. अप्पांना सांग, त्यांचा स्वस्ताईचा काळ चाललाय, फायदा करून घ्या."

मंगळवारी आणि गुरुवारी मशीन बंद असतं. त्या दिवशी काकूंना माळ ओढायला ताल मिळत नाही, म्हणून त्यांची तक्रार असते.

"रोज का नाही करत?"

"काकू, यात हातांना सगळं ओढणंच आहे. ढकलणं काही नाही. छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू तसेच राहतात, म्हणून त्या दिवशी जोर मारायचे."

"संसारात उलटं. सगळं ढकलणंच."

"आणि बसून करायचा व्यायाम ना हा. गुडघ्यांना आदळआपट नाही ते चांगलं, पण हाडांवर अंगाचा भार पडत नाही. आमच्या वयाला हाडांना तो लागतो. म्हणून चालायचं, जिने चढायचे, थोडी वजनं उचलायची. शिवाय पुढे वाकून वाकून पाठीला बाक येऊ नये म्हणून सूर्यनमस्कार."

"जिने म्हणजे माझी पर्वती," काकू ताठ झाल्या. "१०३ पायऱ्या, रोज, बहात्तराव्या वर्षी. तुझं ते परदेशी नाव काय त्याचं? क्रॉस ट्रेनिंग. आम्ही त्याला देवदर्शन म्हणायचो. मी चाळीस वर्षं क्रॉस ट्रेनिंग करतेय आणि मला वहीत रकाना नाही!"

तो त्याच संध्याकाळी आखला गेला. काकूंनीच आखला, सगळ्यात वर.

शनिवारी सुभेदारसाहेब येतात तेव्हा त्यांच्याकडे नेहमी काहीतरी असतं. कधी त्या दोन अमेरिकन भावांची गोष्ट. ते व्हरमाँटमध्ये वल्ही बनवायचे, आणि थंडीत नदी गोठते म्हणून त्यांनी सायकल उलटी करून जमिनीला ठोकली, तिची साखळी ओढत बसले, आणि १९८१ मध्ये त्यातून हे हवेचं यंत्र काढलं. कधी दत्तू भोकनळची गोष्ट. ती कितव्यांदा सांगताहेत याचा हिशेब काकूंकडेही नाही.

"आमच्या सॅपर्सचा पोरगा," ते सुरू करतात. "चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. दुष्काळी. बापाबरोबर विहिरी खोदायचा. २०१२ ला भरती झाला. पाण्याची भीती वाटायची त्याला. आणि २०१६ मध्ये रिओला एकट्याची नाव घेऊन ऑलिंपिकला तेरावा. दोन वर्षांनी चौघांच्या नावेत एशियाडचं सुवर्ण."

"ज्याच्या गावाला पाणी नाही, तो नाव चालवतो," काकू दर वेळी तेवढ्याच कौतुकाने म्हणतात. "आणि ज्यांच्या पुण्यात दोन-दोन नद्या, ते खोलीत बसून."

"नदीत जलपर्णी, काकू."

"हो, ते आहेच."

मागच्या सोमवारी मी भाजी घेऊन परत आले, तर आमच्या बैठकीतून घर्र. हे तर ऑफिसला गेलेले. घर्र... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा घर्र. दार ढकललं. काकू. पदर खोचलेला, पावलं पट्ट्यात नीट अडकवलेली, खटका तीनवर. सुभेदारसाहेब बाजूला उभे राहून हळू आवाजात म्हणताहेत, "पाय... कंबर... हात. श्वास सोडा. घाई नाही." डॉक्टरीणबाईंनी आधी रक्तदाब मोजून परवानगी दिल्याचं नंतर कळलं. किल्ली काकूंकडे असतेच आमची.

मी पिशवी हातात तशीच धरून उभी. पडद्यावर ५०० झाले. वेळ ४ मिनिटं १० सेकंद.

काकूंनी दांडा सोडला, चष्मा पुसला, पडदा वाचला. "वॅट किती?"

"बावीस."

"बावीस." त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे. आणि वर चार वॅट शिल्लक, झिरोच्या बल्बाला." उठून उभ्या राहिल्या, निऱ्या सारख्या केल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "हे बघ, कुणाला सांगू नकोस. उगाच गल्लीत चर्चा नको."

"नाही सांगणार, काकू."

सुभेदारसाहेबांनाही शपथ घातली.

मी खरोखर कुणाला सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सहाला दार उघडलं, तर दूधवाला पिशव्या हातात देता देता म्हणाला, "ताई, तुमच्याकडचं ते मशीन लई भारी आहे म्हणे. काकूंनी त्याच्यावर दोन दिवे पेटवले आणि चार वॅट उरले."