क्लच कुठं गेला?

बीड जिल्ह्यात तालुके ११ आणि बिघडलेल्या गाडीची निदानं त्याच्या दुप्पट. याला कारणही तसंच आहे. दिवाळी सरली की गावंच्या गावं चाकांवर चढतात. कोयते, चुली, पोरंबाळं आणि कोंबड्या घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरनं पार सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत जातात. ज्याचा अख्खा हंगाम गिअरबॉक्सच्या भरवशावर असतो त्याला गिअरबॉक्सचं दुखणं नुसत्या आवाजावरून कळतं. अडचण एवढीच, की हा कान क्लचवाल्या गाड्यांवर तयार झालेला आणि आमच्या दाजींनी पुण्याहून आणलेली जुनी पिकअप निघाली ऑटोमॅटिक.

‘डाव्या पायाला आराम’ हे दाजींचं खरेदीमागचं एकमेव कारण. आराम पायाला मिळाला, पण मणक्यांचा गेला. गाडी झटके मारायला लागली.

मार्गशीर्ष पौर्णिमेला अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घ्यायचं आणि भाचीच्या घरी गेल्या सालच्या ज्वारीची पोती टाकायची, असा बेत होता. पुढं दाजी आणि मी, मागच्या सीटवर दाजींच्या आत्या, हौद्यात पोती. माजलगावातून गाडी हलली तशी खालून ‘खट्’ झालं आणि मागून ‘आई योगेश्वरी!’

पहिला सल्ला गावाबाहेर पडायच्या आधीच मिळाला. चाकात हवा भरणाऱ्या पोरानं सहज आत डोकावून पाहिलं आणि तो दचकला.

“दाजी, क्लच कुठं गेला?”

“ह्याला नसतो.”

“पुण्यावाल्यानं काढून घेतला का काय?”

“आरं, कंपनीच देत नाही. नुसती झटके मारायलीय बघ.”

“म्हंजे क्लचप्लेट गेली.”

“क्लचच नाही म्हणल्यावर प्लेट कुठली?”

“मग गेलीच की!”

या युक्तिवादापुढं दाजी निरुत्तर झाले. गंमत म्हणजे पोरगं अगदीच चुकीचं बोलत नव्हतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात क्लचच्या चकत्या असतात, फक्त त्या पायानं नव्हे तर तेलाच्या दाबानं आवळल्या जातात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागतो ना, तसंच हे, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. १९४० च्या ऑल्ड्समोबिल मोटारींत जनरल मोटर्सनं ‘हायड्रा-मॅटिक’ नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला, तेव्हापासून अमेरिकेतला डावा पाय रिकामा आहे. माजलगावात ती बातमी अजून पोचायचीय.

तेलगावच्या चौकात चहाला थांबलो. बीड-परळी रस्ता इथं आडवा जातो, त्यामुळं सल्लागार चारी दिशांचे. साखर कारखाना जवळच, म्हणून त्यातले निम्मे ड्रायव्हर. एकानं बॉनेट उघडायला लावलं, दुसऱ्यानं तेलाची दांडी ओढली. तेल काळपट निघालं. ते बोटावर घेऊन त्यानं हुंगलं, शेजाऱ्याला हुंगवलं, शेजाऱ्यानं पुढच्याला.

“मूळचं लाल असतंय हे,” तो म्हणाला. “रसनासारखं. काळं पडलं म्हंजे म्हातारं झालं. जळका वास आला असता तर चकत्या गेल्या म्हणलो असतो. तेवढा वास नाही.”

इतकं शहाणपणाचं बोलून त्यानं उपाय सांगितला : “हे काढून टाका, ९० नंबर भरा.”

९० नंबरचं घट्ट तेल साध्या गिअरबॉक्सला अमृत, पण ऑटोमॅटिकला विष. त्याच्या बारीक नळ्यांतून आणि झडपांतून ते धड फिरायचंच नाही. मी हे सांगितल्यावर चौकाचा माझ्यातला रस संपला.

तेलाची पातळी तरी नीट बघावी, असं दाजींच्या मनानं घेतलं. त्याचे नियम आहेत : गाडी चांगली तापलेली हवी, इंजिन चालू हवं, दांडा सगळ्या गिअरांतून फिरवून परत ‘पी’वर आणलेला हवा आणि गाडी सपाट जागी उभी हवी. पहिल्या तीन अटी पुऱ्या होईस्तोवर आम्ही धारूरच्या घाटात शिरलो होतो. या घाटात सपाट जागा शोधणं म्हणजे धारूरच्या किल्ल्यात लिफ्ट शोधणं. दाजींनी उतारावरच दांडी काढली. नाक वर असताना तेल बरोबर दिसलं, गाडी वळवून नाक खाली केलं तर कमी. ‘अर्धं तेल घाटानं प्यायलं,’ आत्यांनी निकाल दिला.

घाट अरुंद, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्यापुढं तसाच दुसरा. गाडीला कळेना काय करावं. जरा वेग आला की ती तिसरा टाकायची, ट्रॅक्टर मंदावला की दुसऱ्यावर यायची, पुन्हा तिसरा, पुन्हा दुसरा. एका वळणावर सगळंच ठप्प झालं. ट्रॅक्टरवाला खाली उतरून आमच्याकडं आला, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधत त्यानं दोन मिनिटं नुसतं ऐकलं.

“हिचा गोंधळ व्हायलाय. हिला इचारू नका, तुम्ही सांगा. एका गिअरात बांधता येतंय का?”

येत होतं. दांड्याखाली ‘डी’च्या पुढं ‘२’ आणि ‘एल’ अशी घरं होती, पण ती शोभेची आहेत अशी दाजींची समजूत. दांडा ‘२’वर ओढला आणि गाडी निमूट चढायला लागली. सारखी गिअरांची चाळवाचाळव झाली की ऑटोमॅटिकचं तेल तापतं आणि तापलेलं तेल लवकर मरतं. ट्रॅक्टरवाल्यानं हे पुस्तकात वाचलं नव्हतं. “आन् उतरताना बी हितंच ठेवा,” तो जाताजाता म्हणाला. “ज्या गिअरात चढलाव त्याच गिअरात उतरायचं. नुसत्या ब्रेकावर गेलाव तर तुम्हाला थेट देवीच दिसंल.”

धारूरहून आडसच्या रस्त्याला लागलो. आडस येतं केज तालुक्यात, म्हणजे निदानही नवं. पंक्चरवाला म्हणाला, इंजिनाचं फाउंडेशन रबर बसलंय. त्याच्या भावाच्या मते बॅटरीची अर्थिंग ढिली होती. दोन्ही गोष्टींनी झटके येऊ शकतात, त्यामुळं वाद मिटेना. तोवरची सगळी निदानं लिहून काढायची तर दासोपंतांच्या पासोडीएवढं कापड लागलं असतं आणि ती पासोडी अंबाजोगाईतच असल्यानं आम्ही पुढं निघालो.

अंबाजोगाईत शिरल्यावर मिस्त्री गाठला. पोरसवदा होता, पण त्यानं आल्या आल्या काही खोललं नाही. आधी स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला. बिघाडाचा एकही कोड निघाला नाही. दाजींना ते पटेना. “एवढं खडखडायलंय आन् मशीन म्हणतंय काही नाही?”

“झटका कधी येतो?” मिस्त्रीनं विचारलं.

“सारखाच,” दाजी म्हणाले.

“मधूनमधून,” मी म्हणालो.

“दोघं बी गप बसा,” मागून आत्या म्हणाल्या. “आरं लेकरा, गाडी जागची हलली की खट्. मागं घेतली की खट्. पाय काढून परत दाबला की खट्. गिअर बदलताना लई नाही, जराशी उचकी लागते, ती बी गाडी तापल्यावर. प्रत्येक खट्ला म्या देवीचं नाव घेतलंय, इसरंन कशी?”

मिस्त्री गाडीखाली शिरला. मागच्या चाकांकडं जाणारा प्रॉपेलर शाफ्ट हातानं उलटसुलट फिरवला, तसा मध्येच तो रिकामा हलला आणि तोच ‘खट्’ ऐकू आला. शाफ्टचा क्रॉस झिजला होता. हलताना, मागं घेताना, रेस देताना ताण उलटतो आणि झिजेतली ढिलाई वाजते. बोल मात्र बिचारा गिअरबॉक्स खात होता. त्याचं स्वतःचं दुखणं म्हणजे ती तापल्यावरची उचकी आणि तिला कारण म्हातारं तेल.

क्रॉस बदलला. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या नंबरचंच तेल मागवून भरलं. “चेंबरचा बोल्ट खोलला तरी निम्म्याच्या आसपासच निघतं,” मिस्त्री म्हणाला, “बाकीचं कन्व्हर्टरात राहतं. थोडे दिवस चालवा, परत या, परत बदलू. जुन्या गाडीला एका दमात मशीन लावून धुवायचं नसतं. आतली घाण सुटून झडपांत अडकली की मग खरं काम निघतं.”

दर्शन झालं, पोती पोचली. परतताना घाट ‘२’वर उतरलो आणि तेलगावच्या चौकात पुन्हा चहाला थांबलो. मंडळी जागेवरच होती.

“काय निघालं?”

“क्रॉस,” दाजी म्हणाले. “आन् तेल.”

“म्या तेलच म्हणलो होतो,” हुंगणारा म्हणाला.

“म्या क्रॉसच म्हणणार होतो, तेवढ्यात तुम्ही निघालाव,” दुसरा म्हणाला.

दाजींनी सगळ्यांचा चहा सांगितला. तेवढ्यात कोपऱ्यातला तिसरा, जो सकाळी एक शब्द बोलला नव्हता, उठून बॉनेटजवळ आला, मान तिरपी करून थांबला आणि म्हणाला, “दाजी, टॅपेट वाजायलंय बगा.”