ठिबक पर्यटन

जळगावात राहून पाइप जोडता येत नाही हे कबूल करणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा तिखट लागतो म्हणण्यासारखं आहे. इथे सोनं, केळी आणि भरताची वांगी यांच्या खालोखाल नाव आहे ते पाइपांचं आणि ठिबक सिंचनाचं. हा उद्योग इथे उभा करणारे भवरलाल जैन अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या वाकोदचे. त्यांच्यामुळे थेंबभर पाणी कुठे आणि किती पडावं याचं शास्त्र आमच्या हवेतच मिसळलंय, नुसता श्वास घेतला तरी पुरतं, असा माझा समज होता. त्या समजावर मी गाडी बांधली.

झालं असं, की महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चालतंफिरतं घर, आत झोपायला बर्थ, ओटा, संडास. ती बातमी मी कापून डायरीत ठेवली आणि पुढे फंडाचे पैसे हातात पडले तेव्हा, सौ.ने सोन्याच्या भावाचा विषय काढायच्या आत, एक जुनी तेरा सीटची गाडी आणून दारात उभी केली. तिने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि एवढंच विचारलं, "अहो, आत बाथरूम होईल का?" महामार्गावरच्या प्रवासात बायका काय काय सोसतात त्याचा सगळा इतिहास त्या प्रश्नात होता. मी म्हटलं, होईल. इथपर्यंत माझं काहीच चुकलं नव्हतं.

गाडीत असा फेरफार करायला आर.टी.ओ.ची मंजुरी लागते. मोटार वाहन कायदा, कलम ५२. हे कलम मला पाठ आहे, कारण कागदपत्रं तेवढी मी नीट केली. या सगळ्या प्रकल्पात न गळलेली वस्तू तेवढीच.

आता टाक्या. गाडीच्या पोटाखाली दोन लागतात. एक भांडी घासल्याच्या, हात धुतल्याच्या पाण्याची आणि दुसरी त्या दुसऱ्या कामाची. परदेशात पहिल्या पाण्याला करडं पाणी म्हणतात आणि दुसऱ्याला काळं पाणी. आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. नावातच शिक्षा होती, पण मला ती दिसली नाही. भुसावळचे आमचे साडू रेल्वेतून निवृत्त झालेले. आता रेल्वेच्या डब्यांखाली बायो-टॉयलेटच्या टाक्या असतात, आत मैला खाणारे जिवाणू असतात, हे सगळं त्यांनी मला तीन कप चहात समजावलं आणि वर म्हणाले, "हे काम जाणकाराकडून करून घ्या." चहा मी घेतला, सल्ला ठेवून दिला.

साठ लिटरची प्लॅस्टिकची टाकी आणली, तिला भोक पाडलं, त्यात पी.व्ही.सी.चा पाइप खुपसला आणि भोवती अर्धा डबा सोल्युशन थापलं. त्यावर तो दोन गोळे कणकेसारखे मळून लावायचा मसालाही लिंपला, मोदकाला पाकळ्या पाडाव्यात तसा. दुसऱ्या टाकीलाही हेच. खर्च वाचावा म्हणून दोन्ही टाक्यांचे पाइप पुढे एकाच टीमध्ये जोडले आणि शेवटी एकच व्हॉल्व बसवला. टाक्या पाण्याने भरून दोन दिवस गाडी अंगणात उभी ठेवली. थेंब नाही! सौ.ने शेजारणीला बोलावून दाखवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असं काही दाखवलं असेल.

मे महिन्यात धुळ्याला, देवपुरात, माझ्या बहिणीकडे भाच्याचा साखरपुडा होता. जळगाव ते धुळे म्हणजे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, सरळ सुरत-नागपूर महामार्ग. बसने गेलो असतो तर चटणी-भाकरी खाऊन झोपून पोचलो असतो. पण आम्ही आदल्या संध्याकाळीच निघालो, एरंडोलच्या अलीकडे एका ओळखीच्या मळ्यात मुक्काम केला, सौ.ने ओट्यावर भरीत केलं, भांडी आतच धुतली, सकाळी दोघांच्या आंघोळी आतच झाल्या, आणि मी म्हटलं, बघ, याला म्हणतात पर्यटन. करड्या पाण्याची टाकी तेव्हा भरत आली होती. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन, आणि ते रस्त्यावर गप्प बसत नाही, प्रत्येक खड्ड्याला पुढेमागे आपटतं, हा हिशेब शाळेतला आहे. त्या दिवशी मी बहुतेक शाळेत नव्हतो.

एरंडोल सुटल्यावर आरशात एक मोटारसायकल दिसली. पांढराशुभ्र शर्ट, डोक्याला रुमाल, मागे आहेराचं बोचकं. ऊन असं की डांबर मऊ व्हावं. हे गृहस्थ ओव्हरटेक करेनात. आमच्या मागे चिकटून, तोंड वर करून, डोळे अर्धवट मिटून चालले होते. चार-पाच किलोमीटर झाल्यावर ते पुढे आले आणि त्यांनी हात जोडून मला मनापासून धन्यवाद दिले. मीही हात हलवला. शर्टावर ठिपके दिसले, पण छापाचं कापड असेल असं वाटलं.

पारोळ्याजवळ थांबलो तेव्हा मागच्या नंबरप्लेटखालून धार लागली होती. मी खाली घुसलो, जिथून पाणी पडत होतं तिथे कापड, टेप, सौ.चा केसांचा रबर आणि शेवटी माझा बनियन असं सगळं गुंडाळलं. धार दुसरीकडून सुरू झाली. तेवढ्यात समोरच्या पंक्चरच्या टपरीतला माणूस आला, वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमनी गाडी मुती राहिनी."

सौ. तोंडाला पदर लावून हसली. वासामुळे लावला होता की हसू लपवायला, हे मी विचारलं नाही.

त्या माणसाने आधी टाकी रिकामी करायला लावली. नाल्यात सोडू दिली नाही. शेजारच्या ढाबेवाल्याला विचारून त्याच्या शोषखड्ड्यात ओतायला लावली. मग पाइप कोरडा पुसला, त्यावर ट्यूबला लावायची पावडर भुरभुरली आणि थोडं पाणी सोडलं. पावडरीत पहिली ओली रेघ उमटली ती थेट टाकीच्या गळ्याशी. पाणी गळतं एकीकडे आणि सांडतं दुसरीकडे. चासीच्या पट्टीवरून दहा फूट चालत ते नंबरप्लेटपर्यंत येत होतं. माझ्या मोदकाला त्याने नख लावलं, तर तो अख्खा हातात आला. तो म्हणाला, ही टाकी पॉलिथिनची असते, पाइप पी.व्ही.सी.चा, सोल्युशन पी.व्ही.सी.ला पी.व्ही.सी.शी जोडतं, पॉलिथिनला ते आणि तो मसाला काहीच धरत नाही. मी म्हटलं, प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच ना? त्याने माझ्याकडे बघितलं. उत्तर दिलं नाही.

गावातून त्याने टँक निपल आणवलं. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे दोन वॉशर कापले, एक टाकीच्या आतून, एक बाहेरून. पुढे वीतभर रबरी नळी, दोन क्लिपा, म्हणजे गाडी हादरली तरी हादरा टाकीच्या गळ्याला बसणार नाही. पाइपाला मधे पट्टीचा आधार. फक्त आतलं वॉशर धरायला कोणीतरी टाकीत हात घालणं भाग होतं. त्याने माझा हात उलटसुलट करून बघितला. "तुमना हात बारीक शे. तुमीच टाका मझार."

मी टाकला, खांद्यापर्यंत. आत कालचं भरीत होतं.

मजुरी त्याने दीडशे रुपये सांगितली आणि माझे दोनशे घेऊन पन्नास परत केले, नोट दुरूनच चिमटीत धरून. साखरपुड्यात मी तीन साबण वापरून डाव्या हाताने जेवलो. बहिणीने पंगतीत शेजारचं पान रिकामं का राहिलं ते मला विचारलं नाही. गाडी त्यानंतर अजिंठ्याला, पद्मालयाला, दोनदा शिर्डीला जाऊन आली. थेंब नाही.

राहता राहिले ते एरंडोल-पारोळा रस्त्यावरचे पांढऱ्या शर्टाचे गृहस्थ. दादा, हे तुमच्या वाचनात आलंच तर कृपा करून राग मानू नका. ते भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी होतं. दोन्ही पाइप एकाच टीमध्ये होते हे खरं, पण दुसऱ्या टाकीचा गळा आम्ही तपासला तेव्हा कोरडा होता.

बराचसा.