मासा का लागला नाही, याचं शास्त्र

बास पकडायला निघणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी तयारी करायची ती कारणाची. रॉड, रीळ, दोर हे सगळं नंतर. संध्याकाळी घरी आल्यावर बायको विचारणार, सोमवारी ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमधला टेक्सन विचारणार, "काय, लागला का?" त्यावर नुसतं "नाही" म्हणून मोकळा होणारा माणूस या खेळाच्या कामाचा नाही. "पाणी ५८ फॅरनहाइटवर अडकून बसलंय हो, मासा अजून काठाकडे आलेला नाही, त्यात परवाच थंडीची लाट येऊन गेली" असं ज्याला न अडखळता म्हणता येतं, तो जाणकार. आमिष निवडायचं ते संध्याकाळी काय सांगायचं आहे हे ठरवून. माशाच्या आवडीनिवडीचा विचार करायला हरकत नाही, पण त्यात वेळ घालवू नये.

हे मार्गदर्शन डॅलसच्या आसपास स्थिरावलेल्या मराठी माणसासाठी आहे. मुलं कॉलेजात गेली, अंगणातल्या गवतापुढे हात टेकून झाले, की शनिवार रिकामा पडतो आणि शेजारी विचारतो, "फोर्कला येणार का?" लेक फोर्क म्हणजे डॅलसच्या पूर्वेला दीडेक तासावरचं धरणाचं पाणी. १९८० साली धरण बांधलं तेव्हा खोऱ्यातली बरीच झाडं न तोडता तशीच पाण्याखाली जाऊ दिली, आणि फ्लोरिडा जातीचे बास आधीच सोडून ठेवले. त्यामुळे इथला मासा दांडगा होतो आणि आपलं आमिष झाडाला अडकतं. दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते. जाण्याआधी परवाना काढून ठेवावा. पुढे दिलेली कुठलीही सबब गेम वॉर्डनपुढे चालत नाही.

मग दुकान. जॉनी मॉरिस नावाच्या तरुणाने १९७२ साली मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये वडिलांच्या दारूच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गळ-आमिषं विकायला घेतली, त्यातून बास प्रो शॉप्स उभं राहिलं. उगम दारूच्या दुकानात झाला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. दोन्ही धंद्यांत गिऱ्हाईक उद्या परत येतंच. स्प्रिंगफील्डच्या दुकानात काचेच्या भल्यामोठ्या टाक्या आहेत आणि त्यात खरे मासे फिरतात. फोर्कवर १९८६ साली लागलेली १७.६७ पौंडांची एथेल नावाची मादी पुढे याच दुकानात राहायला गेली. १९९४ साली ती वारली तेव्हा तिची श्रद्धांजली सभा झाली आणि हजारावर माणसं जमली. आपल्याकडे माजी आमदाराच्या नशिबीही एवढी गर्दी नसते. एथेलने कित्येक वर्षं काचेआडून माणसांना आमिषं विकत घेताना पाहिलं. तिचं मत कुणी विचारलं नाही.

या धंद्याची मूळकथा मिशिगनमधल्या डोवॅजिक गावची सांगतात. एकोणिसावं शतक संपत आलं होतं. जेम्स हेडन तळ्याकाठी कुणाची तरी वाट बघत लाकडाचा तुकडा चाकूने तासत बसले होते. उठताना तो पाण्यात भिरकावला, तर बासने त्यावर झडप घातली. खरंखोटं तो बास जाणे, पण हेडन यांनी पुढे लाकडी आमिषांचा कारखाना काढला हे मात्र खरं. त्या पहिल्या लाकडाला रंग नव्हता, डोळे नव्हते, नाव नव्हतं आणि किंमत नव्हती. या चारही उणिवा आता पूर्णपणे भरून काढण्यात आल्या आहेत.

रंगापासून सुरुवात करू. खुंट्यांवर टांगलेल्या पाकिटांवर ग्रीन पंपकिन, वॉटरमेलन रेड, जून बग, चार्ट्रूज अशी नावं दिसतील. गढूळ पाण्यात गडद रंग, नितळ पाण्यात फिकट आणि आरपार दिसणारा, काहीच सुचेनासं झालं तर ग्रीन पंपकिन. रंगांचा अभ्यासक्रम इथे संपतो. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातीच्या, एक लालसाठी आणि एक हिरव्यासाठी, असं संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. काळा आणि निळा त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. आणि जिग नावाच्या आमिषात सर्वांत मानाचा रंग कोणता, तर ब्लॅक अँड ब्लू! काळ्या रबरी झालरीत ते निळे धागे कुणासाठी ओवलेले असतात, हे काउंटरवर कार्ड पुढे करताना मनाशी विचारून पाहावं आणि कार्ड पुढे करावंच. कारण "रंग चुकला" ही सबब हाताशी असलेली बरी. ती ऐकून कुणी उलटतपासणी घेत नाही, शिवाय पुढच्या शनिवारी पुन्हा दुकानात जायला निमित्त होतं.

आता एकेक आमिष त्याच्या सबबीसकट बघू.

क्रँकबेट हा पोटाळ, प्लॅस्टिकचा किंवा बाल्सा लाकडाचा मासा. त्याच्या हनुवटीला पारदर्शक जिभळी असते. ती जितकी लांब आणि आडवी, तितका तो ओढताना खोल जातो. तो तळावर, बुंध्यांवर आपटत यायला हवा. आपटून बाजूला उडतो त्या क्षणी बास तोंड घालतो, हे अगदी खरं आहे. सबब: "खोली जमली नाही." बासला कोणती खोली हवी होती हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे ही सबब वर्षभर टिकते.

पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषांत हेडन यांच्याच कंपनीचा झारा स्पूक म्हातारा झाला तरी रुबाब राखून आहे. दोर ढिला ठेवून रॉडच्या टोकाला ठेक्यात झटके दिले की तो डावीकडे, उजवीकडे मान वळवत चालतो. याला कुत्रं फिरवणं म्हणतात. जमायला आठवडे लागतात आणि जमलं की मासा न लागताही माणूस समाधानी असतो, म्हणून संसारी माणसाला हा प्रकार विशेष सुचवतो. सबब: "ऊन वर आलं." ढगाळ दिवस असेल तर: "वारा सुटला."

पोकळ रबरी बेडूक पाणवेलींवरून ओढत आणायचा. खालून एकदम धाडकन स्फोट होतो, पाणी उडतं, बेडूक गायब. इथे रॉड लगेच उचलायचा नसतो; माशाचं वजन हाताला जाणवेपर्यंत क्षणभर थांबायचं असतं. आजवर प्रत्येक पुस्तकात हे लिहिलेलं आहे आणि आजवर प्रत्येक माणूस लगेच उचलतो. बेडूक उडून कानाजवळून जातो. सबब शोधावी लागत नाही, बरोबरचा माणूस हसत असतो.

टेक्सास रिगपाशी मात्र बूड टेकून बसावं. ओहायोतल्या ॲक्रनमध्ये निक क्रीम यांनी १९४९ साली घरच्या घरी मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ ओतलं आणि पुढे कंपनी टेक्सासात, टायलरला आली. ते गांडूळ गळाला लावायची पद्धत अशी: दोरात आधी बंदुकीच्या गोळीच्या घाटाचं वजन ओवावं, निमुळतं टोक रॉडकडे. मग गळ बांधावा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात पाव इंच घालून बाजूने बाहेर काढावं आणि गांडूळ वर, गळाच्या नेढ्यापर्यंत सरकवावं. गळ अर्धा फिरवावा. आता गांडूळ गळाशेजारी मोकळं लोंबू द्यावं, गळाचा बाक कुठे येतो ते नखाने दाबून खूण करावी आणि तिथेच टोक पुन्हा आत खुपसावं, पलीकडच्या कातडीला टेकून राहील इतपतच. गांडूळ सरळ रेषेत लोंबलं पाहिजे. जरा पोक आलं तरी ओढताना गरगरतं आणि दोराला पीळ बसतो. टोक आत दडलेलं असल्याने हे प्रकरण बुडालेल्या फांद्यांतून न अडकता निघतं, निदान पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

फेकावं, तळाला जाऊ द्यावं आणि दोर बघत राहावं. बास आमिष चावत नाही. तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि पटलं नाही तर तेवढ्याच चपळाईने थुंकून टाकतो. हाताला येतो तो एक "टप", दारावर नख वाजवावं तसा. तो टप माशाचा, की फांदीचा, की नाडीचा, हे ओळखण्यातच या विद्येचं सारं मर्म आहे. आणि यातूनच समस्त सबबींची महाराणी जन्माला आली: "लागला होता, सुटला." हिला साक्षीदार लागत नाही, पुरावा लागत नाही आणि माशाचं वजन आपण ठरवतो.

उलट, सेन्को प्रकारच्या मिठाने जड केलेल्या साध्या कांडीपासून जाणकारांनी चार हात लांब राहावं. तिच्या मधोमध गळ टोचायचा, पाण्यात टाकायची आणि काहीही करायचं नाही. दोन्ही टोकं थरथरत ती हळूहळू खाली जाते आणि बास ती घेतो. दहा वर्षांच्या मुलाने टाकली तरी घेतो. इतकं सोपं आमिष वापरून रिकाम्या हाताने परत आलात तर सांगणार काय?

मोसमांविषयी थोडक्यात. पाणी ६० फॅरनहाइटच्या पुढे सरकलं की नर बास उथळ पाण्यात खळगा करून अंड्यांची राखण करतो. त्या दिवसांत तो भुकेने नाही, रागाने आमिष तोंडात घेतो. हिवाळ्यात मासा सुस्त असतो, तेव्हा जर्कबेट नावाचं आमिष ओढून थांबायचं, इतकं थांबायचं की आपण मासे धरायला आलो होतो याचाच विसर पडावा. चंद्राच्या स्थितीवरून मासा चरण्याच्या वेळा सांगणारी सोल्यूनर कोष्टकंही मिळतात. जॉन आल्डन नाइट यांनी ही कल्पना १९२६ साली मांडली. मराठी माणसाला ती वेगळी शिकवावी लागत नाहीत. शुभ घटिकेला मासा न लागल्यास काय बोलायचं, ते आपल्याला तीन पिढ्यांपासून पाठ आहे.

आता ज्या दोन गोष्टी मासेवाल्यांच्या बैठकीत काढायच्या नसतात, त्या इथे एकदाच सांगून ठेवतो. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२च्या जानेवारीत फोर्कवरच बॅरी सेंट क्लेअर यांना लागला. ते बास धरायला गेलेच नव्हते. क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी त्यांनी गळाला जिवंत मासोळी लावली होती. दुसरी गोष्ट जपानच्या बिवा सरोवरातली. तिथे २००९ साली मनाबू कुरिता यांनी २२ पौंड ५ औंसांच्या आतबाहेरचा बास धरून जागतिक विक्रमाची बरोबरी केली, तीही जिवंत ब्लूगिल मासा लावून. आपल्याकडे दोनशे प्लॅस्टिकची आमिषं असलेली चार मजली पेटी आहे, हे ध्यानात ठेवून विषय बदलावा.

समोरच्या पाण्यातला मासा पडद्यावर थेट दाखवणारं सोनार हल्ली निघालं आहे. माझा त्याला सक्त विरोध आहे. मासा तिथे आहे, तो तुमचं आमिष बघतो, जवळ येतो आणि तोंड फिरवून जातो, हे सगळं डोळ्यांदेखत दिसतं. "इथे मासाच नाही" या जुन्या, सज्जन सबबीचा या यंत्राने गळा घोटला.

राहता राहिला तो प्रसंग, की मासा लागलाच. गोंधळून जाऊ नये. ओल्या हाताने खालचा ओठ अंगठा आणि बोटात धरावा, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात द्यावा. फोटोसाठी हात कॅमेऱ्याकडे जितका पुढे करता येईल तितका करावा; सगळेच करतात, त्यामुळे यात फसवणूक होत नाही. मग मासा पाण्यात सोडून द्यावा. अलाबामाचे विमा एजंट रे स्कॉट यांनी स्पर्धा भरवता भरवता १९७२च्या सुमारास ही सोडून देण्याची रीत रूढ केली. फोर्कवर तर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवायला कायद्यानेच बंदी आहे.

ही रीत रत्नागिरीला फोनवर समजावून सांगणं हा या विद्येतला सर्वांत कठीण धडा. "सोडलास? आजारी होता का?" असं आई विचारते. कायदा सांगितला, नियम सांगितले, पुन्हा वाढावा म्हणून सोडतात हेही सांगितलं. "मग दुपारी जेवलात काय?" अशा वेळी जॉर्ज पेरी यांची गोष्ट सांगावी. जॉर्जियातला हा तरुण शेतकरी २ जून १९३२ रोजी मित्राबरोबर माँटगोमेरी तळ्यावर गेला होता. दोघांत मिळून आमिष एकच होतं, असं सांगतात. त्याने धरलेला बास भरला २२ पौंड ४ औंस, आणि तो विक्रम आजतागायत मोडलेला नाही; कुरिता यांचा जेमतेम औंसभर जास्त होता, पण नियमाप्रमाणे तेवढ्याने विक्रम मोडत नाही. पेरीने माशाचं वजन करून घेतलं, मासिकाच्या स्पर्धेला माहिती पाठवली आणि जगातला सर्वांत मोठा बास घरी नेऊन सगळ्यांनी खाल्ला.

ही गोष्ट आईला फार आवडली. तिची एकच शंका राहिली आहे, आणि बासवरच्या कुठल्याही पुस्तकात मला तिचं उत्तर सापडलेलं नाही: बावीस पौंडांच्या माशाच्या तुकड्या तळल्या, की कालवण केलं?