सूत नसलेले सूतोवाच

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत वक्ते दरवर्षी नवे असतात, प्रास्ताविकवाले काका तेच. पत्रिकेवर त्यांच्या नावापुढे 'दोन मिनिटे' छापलेले असते. "मी आपला फार वेळ घेणार नाही" हे वाक्य ते साधारण बाराव्या मिनिटाला म्हणतात.

यंदा त्यांना कुठल्याशा कोशात 'एक्झॉर्डियम' सापडले. रोमन वक्ते भाषणाच्या सुरुवातीसाठी हा शब्द वापरत. त्याच्या पोटात चक्क विणकराचा माग आहे: 'ऑर्दिरी' म्हणजे विणायला बसण्याआधी मागावर ताणा लावणे. "म्हणजे आपलं सूतोवाचच की हो!" काका गरजले. टाळ्या पडल्या. वास्तविक आपल्या सूतोवाचात सूत औषधालाही नाही. तिथे पुराणे सांगणारा सूत आहे, 'सूत उवाच' मधला. लॅटिनमध्ये धागा आहे पण दिसत नाही, मराठीत दिसतो पण नाही. हे मी काकांच्या कानावर घातले, तीच चूक झाली. पुढच्या शनिवारी तेही प्रास्ताविकात आले आणि पाच मिनिटे वाढली.

त्या रोमन वक्त्यांपैकी सिसेरोने तरुणपणीच लिहून ठेवले होते की, प्रास्ताविकाने श्रोता अनुकूल, सावध आणि ऐकून घ्यायला राजी व्हावा. काकांचे श्रोते सावध असतात यात शंका नाही. चहाचा ट्रे कुठल्या दाराने येतो इकडे सगळ्यांचे लक्ष असते.

पण काकांची खरी नाळ जुळते ती उतारवयातल्या सिसेरोशी. तो तयार प्रस्तावनांची एक वहीच बाळगून असे. लागेल तशी एक उचलायची आणि पुस्तकाला जोडायची. इ.स.पू. 44 मध्ये जहाजातून जाताना आपलेच आधीचे पुस्तक चाळत असता त्याच्या लक्षात आले, की एकच प्रस्तावना आपण दोन पुस्तकांना लावली आहे. त्याने मित्राला, अॅटिकसला, कळवले: ती कापून टाक, ही नवी चिकटव.

काकांचीही निळी वही आहे. तिच्यातला "आजचा विषय आपल्या साऱ्यांच्या जिव्हाळ्याचा" हा परिच्छेद मधुमेहाला चालतो, तुकोबांना चालतो, शेअरबाजारालाही. एकदा तर मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांची ओळख त्यांनी किल्ल्यांवर बोलायला आलेल्या गृहस्थांना लावली. वक्ते सोडून कोणाच्या ध्यानातही आले नाही.

गेल्या शनिवारी वक्ते आलेच नाहीत. काकांनी प्रास्ताविक केले, चिटणीसांनी आभार मानले, आणि कार्यक्रम ठरल्या वेळेला संपला.