टीव्हीचे जीर्णोद्धारक

तुमच्या घरी आलेला पाहुणा भिंतीवरच्या पंचावन्न इंची टीव्हीसमोर न बसता त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या फटीत डोकावला आणि "याला मागची बाजूच नाही की हो!" असं हळहळून म्हणाला, तर ओळखावं की हा जीर्णोद्धारक आहे.

हा गृहस्थ बहुधा वीज मंडळातून, टेलिफोन खात्यातून किंवा बँकेतून निवृत्त झालेला असतो. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो. तो 'टीव्ही' म्हणत नाही, 'संच' म्हणतो. संच म्हणजे चार पाय, दोन सरकती दारं, एक कुलूप आणि पाठीला भोकाभोकांचं हार्डबोर्ड. बाकी सगळे त्याच्या लेखी मोठे मोबाइल. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, हे त्याला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ असतं. 1982 साली एशियाडच्या निमित्ताने पडद्यावर रंग आले आणि तिथून देशाची घसरण सुरू झाली, असं त्याचं ठाम मत. "रंग आले आणि माणसं बातम्या ऐकायच्या सोडून साड्या बघायला लागली," हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो. समोरचा जिलबी संपवून उठेपर्यंत तो 1984 पर्यंत पोचलेला असतो.

त्याचा भारताचा भूगोलही निराळा. हैदराबाद म्हटलं की आपल्याला बिर्याणी आठवते, त्याला ईसी. मद्रास म्हणजे डायनोरा आणि सॉलिडेअर, केरळ म्हणजे केल्ट्रॉन, उत्तर प्रदेश म्हणजे अपट्रॉन, ओडिशा म्हणजे कोणार्क. एकदा शेजाऱ्यांनी "आम्ही कोणार्क बघून आलो" असं सांगितल्यावर त्याने "किती इंची?" असं विचारलं होतं.

असा संच मिळवणं हा पहिला पराक्रम. तो दुकानात मिळत नाही. तो पाडायला काढलेल्या वाड्यात, भंगारवाल्याकडे, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कोकणातल्या चुलत घराच्या पडवीत असतो. मालकांनी त्याचा तोवर काहीतरी उपयोग लावलेलाच असतो. कुणी त्यात गौरींचे मुखवटे ठेवतं, कुणी चपला. एका संचात कोंबडी अंड्यांवर बसलेली निघाली आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत आमच्या गृहस्थाला थांबावं लागलं. संच रिक्षात घालून घरी येतो तेव्हा तो सीटवर असतो आणि गृहस्थ ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर.

"अहो, हे काय आणलंत?"

"अगं, चोवीस इंची आहे. शटरसकट. किल्लीसुद्धा आहे!"

"आधीचे दोन कुठे ठेवायचे?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. आधीचे दोन बाल्कनीत असतात. त्यांतल्या एकाच्या पोटातून सुटे भाग काढून तिसऱ्याला लावायचे असतात आणि तो चालला की चौथा आणून पहिला पुरा करायचा असतो. हा हिशेब घरात दुसऱ्या कुणालाही कळत नाही. तो एकदा विचारणाऱ्या जावयाला त्यानंतरची प्रत्येक दिवाळी संचामागे टॉर्च धरून काढावी लागली आहे.

मग मागचं हार्डबोर्ड निघतं. आत धुळीचा थर, पालीची अंडी, झुरळांची वसाहत आणि कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. या क्षणी जीर्णोद्धारक घरच्यांना गोळा करून भाषण करतो. "लांब उभे राहा. पिक्चर ट्यूबला 15 ते 18 हजार व्होल्ट लागतात. संच चालवून बंद केला, प्लग काढला, तरी ट्यूबची काच तो भार धरून ठेवते." मग एका लांब स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधून, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या पट्टीला जोडून, तो स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवतो. 'टक्' असा आवाज झाला की तो विजयी मुद्रेने वळून पाहतो. तीस वर्षं पडवीत पडलेल्या संचातून अर्थातच 'टक्' होत नाही. मग तो वळून पाहतो ती मुद्रा जरा कमी विजयी असते.

काम करताना त्याचा डावा हात कायम खिशात असतो. ही ऐट नव्हे. जुन्या अनेक संचांत घरातली वीज ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट आत येते आणि प्लग उलटा बसला तर अख्खी चासी जिवंत होते. दोन हात लावले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो, म्हणून एक हात खिशात ठेवायचा हा जुन्या मेकॅनिकांचा नियम. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणल्यावरही त्याची सवय जात नाही. तो कुंड्यांना पाणीही एका हाताने घालतो आणि सत्यनारायणाला बसला तर भटजींना "दोन्ही हात जोडा" असं दोनदा सांगावं लागतं.

संचाला एकदम वीज द्यायची नाही, हा दुसरा नियम. शंभर वॅटचा दिवा मालिकेत जोडून आधी संचाची नाडी बघायची. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. आधी उजळून मग मंदावला तर आशा आहे. घरचे लोक टीव्ही बघायला जमलेले असतात आणि गृहस्थ त्यांना दिवा दाखवतो. "मंद झाला, बघा, मंद झाला!" यावर टाळ्या वाजवायच्या असतात हे नव्या सुनेला माहीत नसतं.

मग कंडेन्सर. संच वर्षानुवर्षं पडून राहिला की आतले इलेक्ट्रोलाइट सुकतात, फिल्टर कंडेन्सर फुगतात आणि चित्राच्या कडा नागमोडी होतात किंवा आवाजात घुंईऽ असा सूर मिसळतो. ते सगळे बदलावे लागतात. कंडेन्सर निदान मिळतात, व्हॉल्व्हचं काय? सत्तरच्या दशकातल्या कित्येक संचांत व्हॉल्व्ह आहेत आणि त्यांचे तंतू दिवाळीतल्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एक गेला की सगळे विझतात आणि नेमका कोण गेला हे कुणीच सांगत नाही. तो शोधून काढल्यावर गृहस्थ पुण्यात असेल तर तपकीर गल्लीत आणि मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोडवर जातो.

"पीसीएल 805 आहे का?"

"कोणत्या कंपनीचा फोन, काका?"

"व्हॉल्व्ह आहे तो. फ्रेम आउटपुटचा."

"ब्लूटूथ चालेल का?"

शेवटी मालकाचे वडील आतून येतात, चष्मा वर करतात आणि "शेवटचा आहे हो," असं म्हणून खोक्यातून एक व्हॉल्व्ह काढतात. हे शेवटचे व्हॉल्व्ह त्यांच्याकडे कायम असतात. दोघे मग तासभर उभ्याने बोलतात आणि मुलगा तेवढ्या वेळात अकरा चार्जर विकतो.

सगळं बसलं की लाइन आउटपुट चालतो की नाही ते तपासायचं. आपल्याकडच्या चित्रात 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे सेकंदाला 15,625 रेषा, आणि तेवढ्याच हर्ट्झची बारीक शिट्टी संचातून येते. ती आली की समजावं, निम्मं काम झालं. अडचण एवढीच की इतका उंच स्वर साठीनंतर बहुधा कानाला लागत नाही. म्हणून शाळकरी नातवाची नेमणूक होते. शिट्टी ऐकू आली की आइस्क्रीम. नातू पहिल्या दिवशी प्रामाणिक असतो. पुढे त्याला संच बंद असतानाही शिट्टी ऐकू येऊ लागते.

इतकं होईपर्यंत पावसाळा तोंडावर येतो आणि नेमका त्याच वेळी गृहस्थ लाकडाला हात घालतो. वरच्या फळीवर फुलदाणीचे पांढरे गोल, क्रोशाच्या रुमालाची नक्षी आणि निरांजनाचा एक डाग. पेटी वरून सागवानी दिसते, पण तो सागाचा पातळ पापुद्रा असतो. खाली प्लायवूड. पॉलिश पेपर जोरात मारला की सागाचा साग संपतो आणि प्लायवूड वर येतं. म्हणून आधी जुनं पॉलिश स्पिरिटने मऊ करून पुसून काढायचं, मग बारीक पेपर, तोही रेषेच्या दिशेने. पापुद्रा फुगला असेल तर ब्लेडने रेषेवर चीर द्यायची, आत फेविकॉल सोडायचं आणि वर कागद ठेवून वजन ठेवायचं. वजन म्हणून घरातला दिवाळी अंकांचा गठ्ठा लागतो. ज्या मासिकांना घरातून रद्दीत जायचा हुकूम झालेला असतो, ती अशी वाचतात.

पॉलिशसाठी कारागीर बोलावला जातो. तो पेटीकडे पाहतो, टिचकी मारतो आणि म्हणतो, "साहेब, वरून सनमायका मारू. नवा होईल." यानंतर गृहस्थाला पाणी द्यावं लागतं. मग चपडा पॉलिश कसं करायचं यावर दोघांचा वाद होतो. कारागिराने ते आयुष्यभर केलेलं असतं आणि गृहस्थाने ते महिनाभर वाचलेलं असतं. चपडा म्हणजे लाख. ती स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायची, गाळायची, कापसाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळून हात मारायचे, वाळू द्यायचं, पुन्हा हात मारायचे. पाचव्या-सहाव्या हातानंतर लाकडाच्या आतून उजेड यायला लागतो. वाद तिथे मिटतो. मग रात्री पाऊस पडतो, हवेतला दमटपणा पॉलिशमध्ये अडकतो आणि सकाळी पेटीवर पांढुरकी साय आलेली असते. "मी म्हणालोच होतो, दसऱ्यापर्यंत थांबू," असं कारागीर म्हणतो. तो तसं म्हणालेला नसतो, पण तेवढा हक्क त्याचा आहे.

या दिवसांत जिन्यात स्पिरिटचा वास दरवळतो. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा काही कारण काढून येऊन जातात. गृहस्थाचे लाल डोळे आणि हातातली बाटली पाहून त्यांनी जे अनुमान काढायचं ते काढलेलं असतं.

अखेर उद्घाटन. शेजारीपाजारी जमतात. पूर्वी शनिवारच्या मराठी सिनेमाला जमत तसं मुलांनी जमिनीवर बसावं असा गृहस्थाचा आग्रह असतो. किल्ली फिरते, शटर सरकतात, खटका ओढला जातो. व्हॉल्व्ह तापेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग पडदा उजळतो आणि त्यावर मुंग्या येतात. नुसत्या मुंग्या. गच्चीवरच्या अँटेनाने पकडायचं ते दूरदर्शनचं जुनं प्रक्षेपण आता बहुतेक ठिकाणी बंद झालेलं आहे. गृहस्थाला हे ठाऊक असतंच. त्याने मॉड्युलेटर नावाची डबी आणलेली असते. मोबाइलवरचं चित्र त्या डबीतून चॅनल चारवर जातं आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर जुन्या बातम्या उमटतात. सगळे "वा!" म्हणतात. चौथ्या मिनिटाला नातू विचारतो, "आजोबा, हे पुढे ढकलता येत नाही?" आठव्या मिनिटाला चहा येतो. दहाव्या मिनिटाला पडद्याकडे फक्त गृहस्थ बघत असतो. तोही बातम्या बघत नसतो, चित्र वरून किती दबलंय ते बघत असतो.

लोक म्हणतात, याला जुन्या काळाची ओढ आहे. मला ते पटत नाही. त्या काळचे कार्यक्रम मोबाइलवर फुकट दिसतात आणि तो ते फारसे बघत नाही. टीव्हीचा लायसन्स घ्यायला लागायचा, पोस्टाच्या खिडकीशी रांग लावून पैसे भरावे लागायचे, 1985 मध्ये तो एकदाचा रद्द झाला, हे सगळं तो सांगतो, पण त्या रांगेत परत उभं राहायला तयार नसतो.

त्याला हवी असते ती गच्चीवरची जागा. वाऱ्याने अँटेना फिरला की घरातला एक माणूस गच्चीवर चढे. तो वरून ओरडे, "आलं का?" जिन्यातला मुलगा तो प्रश्न खाली पोचवी, खोलीतून सगळे ओरडत, "आलं, आलं! गेलं! थोडं मागे!" सगळी बिल्डिंग पाच मिनिटं त्या एका माणसावर अवलंबून असे. साहेबाने ऑफिसात काही का म्हटलं असेना, रविवारी संध्याकाळी त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. आता घरात पाच माणसं आणि पाच पडदे. प्रत्येकाचं चित्र आपोआप येतं आणि आपोआप जातं. नेट गेलं तर कंपनीला फोन करतात, त्याला कुणी हाक मारत नाही. म्हणून त्याने एक असं यंत्र घरात आणून ठेवलं आहे, जे त्याच्यावाचून चालूच शकत नाही. संच कधीच पुरता दुरुस्त होत नाही यामागे सुटे भाग न मिळणं हे निम्मंच कारण आहे.

तेव्हा माझी वाचकांना विनंती आहे. असा गृहस्थ तुमच्या घरात असेल तर बाल्कनीतल्या दोन संचांचा विषय निदान दसऱ्यापर्यंत काढू नका. तो संचामागून "आलं का?" असं विचारेल तेव्हा हातातला मोबाइल खाली ठेवा आणि नीट बघून सांगा. आलं असेल तर आलं म्हणा, गेलं असेल तर गेलं म्हणा. "चालेल की" असं मात्र म्हणू नका, त्याने तो महिनाभर खचतो. आणि तुमच्या माळ्यावर शटरवाला संच पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला कळवा. तो येईल, रिक्षाही त्याचीच असेल. मागचं हार्डबोर्ड तेवढं तो यायच्या आधी उघडू नका. तो मान त्याचा आहे.