सहमतराव

थंडी पडली, घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकूची तोड जोरात आली, की डहाणू रोड स्टेशनावर सहमतराव उतरतात. दरवर्षी चेहरा नवा, प्रश्नावली तीच. पाठीला सॅक, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, पायात डोंगर चढायचे बूट, आणि विषय : ‘कार्यस्थळावरील हरित परिवर्तनशील नेतृत्व व कर्मचाऱ्यांचे पर्यावरणपूरक वर्तन’. हे नाव एका दमात होत नाही. ते मध्ये श्वास घेतात तेवढ्यात ऐकणारा चहा सांगून मोकळा होतो. चर्चगेटहून थेट लोकल २०१३ साली सुरू झाली, तेव्हापासून ही आवक वाढली, असा माझा संशय आहे.

सहमतरावांच्या जगात माणसाला पाचच उत्तरं येतात : पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. ही पट्टी लायकर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९३२ साली काढली. फुग्यांच्या कारखान्यात लॅटेक्समध्ये साचे बुडवणाऱ्या माणसापुढे ती उभी करावी लागेल, याची त्यांना कल्पना नसणार.

“तुमचे वरिष्ठ तुम्हाला कचरा कमी करण्याची प्रेरणा देतात. सहमत?”

कामगारानं काचेच्या केबिनकडे पाहिलं. “सहमत.”

“पूर्णतः?”

“शेठ आत हाय तवर पूर्णतः. जेवायला गेला का परत इचारा.”

सहमतरावांनी ‘पूर्णतः’वर टिक केली. पुढचं वाक्य लिहायला चौकोन नव्हता.

शेजारच्या तलासरीला तर त्यांची पंचाईतच होते. शेअर ईको गाडीतून साडेदहाला नाक्यावर उतरावं, तर पाड्यांवर म्हातारी माणसं, पोरं आणि कोंबड्या. कामाची माणसं पहाटेच उंबरगाव, सरीगाम, वापीकडे गेलेली. म्हणजे कर्मचारी महाराष्ट्रातले, कार्यस्थळ गुजरातेत, आणि परवानगीचं पत्र फक्त पालघर जिल्ह्यापुरतं! एका आजोबांनी दया येऊन झरीचा रस्ता दाखवला. १९४५ च्या मे महिन्यात तिथं किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं वारली आदिवासी जमले, जमीनदारांची वेठ नाकारली, आणि पुढे गवत कापण्याच्या मजुरीसाठी संप केला. नेतृत्व बघायचं तर ते बघा, असं आजोबांचं म्हणणं. सहमतराव नम्रपणे म्हणाले, “माझा अभ्यास व्यवस्थापकांपुरता आहे.”

खरी गंमत शेवटच्या प्रश्नाला येते : ‘आपल्या माहितीतील एका पर्यावरणीय नेत्याचे नाव लिहा.’ एका बागायतदारानं क्षणभरही न थांबता सांगितलं, “धर्माधिकारी साहेब.”

“कुठल्या कंपनीत?”

बागायतदार त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं सांगितलं, आणि सांगताना चहा गार झाला. केंद्र सरकारनं १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांना मिळून जास्तीत जास्त ५०० एकर दिले. कागद चांगला होता, पण कागदाला पाय नसतात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झालं आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष म्हणून बसले, ते २०१९ च्या जानेवारीत गेले तोवर. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा त्यांनी मागे लागून बसवायला लावली. १९९८ साली डहाणूच्या किनाऱ्यावरच्या नियोजित वाढवण बंदराला ‘नाही’ म्हटलं. ना कार्यशाळा, ना प्रेरणा. सुनावणी, तारीख आणि आदेश!

“फार छान,” सहमतराव म्हणाले, “पण ते कोणाचे लाइन मॅनेजर नव्हते. नमुन्यात बसत नाहीत.”

माणूस वाईट नाही हो. चिकूची पेटी घेताना घासाघीस करत नाही, वारली चित्राचा कुर्ता घेतो, आणि एसटीत म्हाताऱ्यांना जागा देतो. फक्त मालकानं हसून सांगितलं की कामगार झाडं वाचवतात, यावर त्याचा विश्वास आहे. आम्हाला आमच्या अनुभवानं वेगळं वाटतं. कोणीतरी वरून तारीख लावली, की मालकाला आपोआप प्रेरणा होते. आणि तारीख लावणारं माणूस बदललं, की काय होतं तेही आम्ही पाहिलं : त्याच प्राधिकरणानं ३१ जुलै २०२३ ला वाढवणला परवानगी दिली, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांना त्याबद्दल काय वाटतं, हे पाच चौकोनांत मावणार नाही.

सहमतरावांचा प्रबंध यथावकाश मंजूर होतो. शिफारस एकच असते : डहाणू व तलासरीतील व्यवस्थापकांसाठी दोन दिवसांचं निवासी शिबिर घ्यावं. शक्यतो समुद्रकिनारी.

तेव्हा यंदा ते तुमच्या दारात आले, तर चहा जरूर पाजा. फक्त टिक करण्याआधी शेठ जेवायला गेलाय का, तेवढं बघा.