पण भाडं किती?

कथेतली दोन माणसं कॅफेत शिरली की बापूमामा चष्मा पुसून घेतात. खिडकीजवळचं टेबल, बाहेर पाऊस, समोर वाफाळती कॉफी, आणि 'ती' काहीतरी महत्त्वाचं सांगायला आलेली. लेखकाची समजूत अशी, की वाचक आता तिच्या डोळ्यांत हरवला असणार. मामांचा डोळा घड्याळावर. चार पानं उलटली, पाऊस थांबून पुन्हा लागला, कोकणातल्या आजोळच्या दोन आठवणी निघाल्या, आणि टेबलावर अजून त्याच दोन कॉफ्या. मामा पेन्सिल उचलून समासात लिहितात : 'दीड तास. दुसरी ऑर्डर नाही?'

पुस्तक ग्रंथालयाचं असतं, तेवढं सांगायला हवं. त्या ग्रंथालयातून कादंबऱ्या नेणाऱ्या निम्म्या दादर-माटुंग्याला हे गोल, कारकुनी अक्षर पाठ आहे. प्रेमभंगाच्या ऐन परिच्छेदापाशी 'बिल कोणी दिलं?' असा प्रश्न वाचून एका बाईंचं रडू म्हणे मधेच थांबलं. ग्रंथपालांनी समज देऊन पाहिली. मामा म्हणाले, "पेन्सिल आहे, खोडता येते. लेखकाची चूक खोडता येत नाही."

बापूमामा माझ्या बायकोचे मामा. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात त्यांची हयात गेली, आणि त्यातली बरीचशी उडप्यांच्या हॉटेलांचे कागद तपासण्यात. दुधाचं बिल, गॅसचे सिलिंडर, पोऱ्यांचे पगार, जागा मालकीची की भाड्याची, टेबल दिवसातून किती वेळा फिरतं, हे सगळं त्यांनी इतक्या हॉटेलांचं पाहिलंय, की कुठल्याही हॉटेलात पाऊल टाकल्यावर ते आधी खुर्च्या मोजतात आणि मग बसतात. सिनेमातलं ऑपरेशन बघताना डॉक्टर जसे कण्हतात, तसे मामा कॅफेवरची कथा वाचताना कण्हतात. फरक इतकाच, की डॉक्टर तो सिनेमा पुन्हा लावत नाहीत. मामा अशी कादंबरी संपवून दुसऱ्या दिवशी दुसरी आणतात.

हल्ली अशा कादंबऱ्यांना तोटाही नाही. मुखपृष्ठावर उजळलेली खिडकी, खिडकीत मांजर. आत एक दमलेली मुलगी नोकरी सोडते, गल्लीच्या टोकाला छोटं कॅफे काढते, दिवसाकाठी तीन गिऱ्हाइकं येतात आणि तिघांचीही दुःखं हलकी होतात. मामांच्या नातीला, आमच्या भाचीला, या पुस्तकांचं वेड आहे. ती एकेक आणून देते आणि समोर बसून राहते. मामा शेवटचं पान मिटतात, पुस्तक मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "छान आहे. भाषा गोड आहे. पण भाडं किती?"

"आजोबा, ते महत्त्वाचं नाहीये."

"तीन गिऱ्हाइकं, तीन कॉफ्या. दूध कुठून आणते ती? मांजर काय पितं?"

तोशिकाझु कावागुचीची ती गाजलेली जपानी कादंबरी, 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड', तिनेच आणली. मूळ नाटक, मग २०१५ साली कादंबरी. तोक्योतल्या एका तळघरातलं जुनं कॅफे. तिथल्या एका ठरावीक खुर्चीवर बसलं की भूतकाळात जाता येतं, मात्र कपातली कॉफी गार व्हायच्या आत परत यायचं. भूतकाळात काहीही केलंत तरी वर्तमान बदलत नाही. (यावर मामा : "बरोबर आहे. बुडीत कर्ज ते बुडीतच.") पण ती खुर्ची एका भुताने अडवून ठेवलेली आहे. पांढऱ्या कपड्यांतली बाई दिवसभर कादंबरी वाचत बसते आणि एकदा स्वच्छतागृहात जायला उठते, तेवढ्यात काय तो प्रवास उरकायचा. भाचीच्या डोळ्यांत हे सांगताना पाणी होतं. मामा कागदावर आकडे मांडत होते. "एकंदर नऊ माणसांची जागा. त्यातली एक खुर्ची कायमची अडकलेली. अकरा टक्के क्षमता रोज वाया. वर तिला पुन्हा पुन्हा कॉफी ओततात. त्याचे पैसे भूत देणार?"

एवढ्यावर ते थांबले असते तर बरं. पण संध्याकाळी त्यांनी प्रयोग केला. मामांकडे स्टीलचा फिल्टर आहे. रात्री झोपण्यापूर्वी त्यात पावडर दाबून उकळतं पाणी ओतायचं आणि सकाळी खाली उतरलेलं डिकॉक्शन वापरायचं, हे व्रत आहे. पावडर माटुंग्याच्या दुकानातून, डोळ्यांदेखत दळलेली, चिकोरीचं प्रमाण स्वतः सांगून. तर मामांनी एक कॉफी चिनी मातीच्या कपात ओतली, दुसरी टंबलर-डवऱ्यात, आणि दोन्हींत बोट बुडवून बघत बसले. मामी म्हणाल्या, "त्यातली एक मला द्यायची आहे ना?" निष्कर्ष असा निघाला, की ही कथा जपानातच घडू शकते. डवरा ही वस्तू मुळात कॉफी निववायलाच केलेली. टंबलरमधून डवऱ्यात, डवऱ्यातून टंबलरमध्ये दोनदा वरून धार धरली की आपला माणूस भूतकाळात पोचून "कशी आहेस?" म्हणेपर्यंत परतीची वेळ झालेली असेल.

शिवाय आपल्याकडे उठवणारे आहेत. यावर मामांचं एक ठरलेलं व्याख्यान आहे आणि त्यासाठी ते रविवारी सकाळी आम्हाला किंग्ज सर्कलजवळच्या कॅफे मद्रासला नेतात. १९४० पासूनचं हॉटेल. बाहेर नाव लिहून घेतात, रस्त्यावर रांग, आत अनोळखी माणसांच्या टेबलावर कोपराला कोपर लावून बसवतात. मामा रवा डोसा मोडता मोडता कुजबुजतात, "आता इथे प्रेमाची कबुली देऊन दाखव. समोरचे गृहस्थ रसम वडा खाताहेत, आणि दारातले सोळा जण तुझ्या घासांकडे बघताहेत." त्यांचं म्हणणं खोटं नाही. मुंबईत दोन माणसांना बोलायला जागा नाही, हाच इथल्या कॅफेकथेचा खरा विषय असायला हवा. लेखक मात्र नायक-नायिकेला खिडकीजवळचं रिकामं टेबल फुकट देऊन टाकतात.

इराण्याचं प्रकरण वेगळं. कथेत इराणी दिसला की मामा आधी शेवटचं पान उघडतात. "कुलूप लागलंय का बघतो," म्हणतात. बहुधा लागलेलं असतं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, 'हे करू नका, ते करू नका'ची पाटी, गल्ल्यावर पेंगणारे म्हातारे शेठ, बंद पडलेलं घड्याळ. आणि शेवटी निवेदक बाहेरच्या फुटपाथवर उभा राहून ब्रून मस्क्याची चव आठवतो. "अरे, मग चालू होतं तेव्हा का नाही गेलास?" मामा पुस्तकालाच विचारतात. पण इराण्याला ते एक गुण जास्त देतात, कारण तिथे त्यांच्या लाडक्या प्रश्नाला उत्तर आहे. जागा पागडीची, भाडं जुनं. "म्हणून तर तो तुम्हाला एका चहावर तीन तास बसू द्यायचा. ती माणुसकी होतीच, पण तिला भाडे नियंत्रण कायद्याचं तारण होतं."

अरुण कोलटकरांचं नाव निघालं की मात्र मामा सरळ बसतात. कोलटकर काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये खिडकीपाशी बसायचे, आणि त्या बसण्यातून 'काळा घोडा पोएम्स' आलं, २००४ साली, ते गेले त्याच वर्षी. मामांचा मुद्दा असा, की तो माणूस हॉटेलात बसून बाहेर बघायचा. रस्त्यावरची कुत्री, झाडूवाल्या, फुटपाथवर इडली विकणारी बाई. "हल्लीचे कॅफेत बसतात आणि काचेत स्वतःला बघतात." हे जरा अन्यायाचं आहे, पण मी वाद घातला नाही. वाद घातला की मामा पेन्सिल शोधतात.

त्यांच्या पसंतीची यादी विचित्र आहे. हेमिंग्वेची 'अ क्लीन, वेल-लाइटेड प्लेस' त्यांना मान्य, जरी तिथला म्हातारा ब्रँडी पितो. कारण गोष्ट दोन वेटरांची आहे : एकाला घरी जायची घाई, दुसऱ्याला नाही. "पहिल्यांदाच कोणीतरी विचारलंय, की शेवटचं गिऱ्हाईक उठेना तर वेटरचं काय होतं." नजीब महफूझची 'कर्नाक कॅफे' मान्य, कैरोतलं ते कॅफे, मालकीण करुन्फुला एके काळची नर्तकी, आणि नेहमी येणारी पोरं एके दिवशी येईनाशी होतात, कारण पोलिसांनी उचललेली असतात. ती वाचून मामा बराच वेळ भाड्याबद्दल काही बोलले नाहीत. विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' तर फारच मान्य. मूळ कन्नड, बंगळुरूचं कॉफी हाउस, आणि तिथला व्हिन्सेंट नावाचा वेटर, जो दोन शब्द बोलतो आणि निवेदकाला वाटतं याला सगळं कळलेलं आहे. "वेटरला नाव आहे!" मामांनी मला फोन करून सांगितलं. ही त्यांची सर्वांत कठीण परीक्षा आहे. तीनशे पानं कॅफेत काढणाऱ्या आणि वेटरला 'वेटर' म्हणणाऱ्या लेखकाला मामा नापास करतात, मग शैली काहीही असो.

पण पहिला नंबर पटकावला तो एका राक्षशिणीने. ट्रॅव्हिस बाल्ड्रीची 'लेजंड्स अँड लॅटेज', २०२२ ची. व्हिव्ह नावाची ऑर्क बाई तलवारीचा धंदा सोडते आणि ज्या गावात कॉफी हा शब्द कोणी ऐकलेला नाही तिथे कॉफीचं दुकान टाकते. भाचीने ती निव्वळ चिडवायला आणली होती. मामांनी ती एका बैठकीत वाचली, आणि समासात पेन्सिलीने बरोबरच्या खुणा! "भांडवल स्वतःचं. जुना तबेला विकत घेतला, म्हणजे भाडं नाही. सुतार आधी गाठला. यंत्र बाहेरून मागवलं. सुरुवातीला गिऱ्हाईक नाही, तर फुकट चव दिली. मग बेकरीवाला ठेवला, पाव कॉफीपेक्षा जास्त खपले. अगदी असंच होतं! आणि हप्ता मागायला माणसं येतात, ते प्रकरण शेवटी दर आठवड्याला गोड पाव पोचवण्यावर मिटतं. लेखकाने धंदा पाहिलाय." पुढे दुकान जळतं तिथे मात्र एकच शेरा आहे : 'विमा?'

"आजोबा, ती ऑर्क आहे. हिरवी आहे ती."

"असेना. मी मंजूर केलं असतं."

मामी या सगळ्याकडे स्वयंपाकघरातून बघत असतात. त्यांनी एकदा सांगितलं, की लग्न ठरण्यापूर्वी हे दोघे एका इराण्याच्या 'फॅमिली रूम'मध्ये भेटले होते, पडदा ओढलेल्या केबिनमध्ये. मामींना आठवतं ते असं, की त्यांनी मावा केक मागवला होता आणि घशाखाली उतरला नव्हता. मामांना काय आठवतं, असं विचारलं. मामांनी क्षणाचाही विचार न करता बिलाचा आकडा सांगितला, पै-पैशासकट. मामींनी कपाळावर हात मारला. मग मामा म्हणाले, "वेटरचं नाव रुस्तम. तुझा केक तसाच राहिला म्हणून त्याने तो कागदात बांधून दिला होता. तू जिन्यात विसरलीस. मी परत जाऊन आणला." मामींना हे माहीत नव्हतं. "मग केक गेला कुठे?" म्हणाल्या. मामा म्हणाले, "खाल्ला. पैसे दिले होते."

आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना सांगितलं, की मामा, एवढं कळतं तर तुम्हीच लिहा. हे आमचंच चुकलं. मामांनी दोनशे पानी वही आणली आणि कादंबरीला बसले. विषय : माटुंग्यात एक तरुण कॅफे काढतो. परवा त्यांनी लिहून झालेला भाग वाचून दाखवला. पहिल्या प्रकरणात जागामालकाशी भाडेकरार आहे, तो कलमांसकट. दुसऱ्यात नायक गुमास्ता परवान्यासाठी फिरतो. तिसऱ्यात अन्न परवाना, अग्निशमन दलाचा दाखला आणि एक प्रेमळ पण रजेवर गेलेला कारकून. चौथ्यात बँक कर्ज मंजूर करते. हे प्रकरण थरारक आहे आणि त्यातल्या मॅनेजरचं वर्णन ओळखीचं वाटतं. वेटरांची नावं आतापासून ठरली आहेत, पगारासकट.

भाचीने जांभई दाबत विचारलं, "आजोबा, नायिका कधी येणार?"

मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "नळाचं कनेक्शन मिळू दे. आत्ता आली तर तिला पाणी कुठून देऊ?"